ज्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्यालाच 'जा' म्हणायचं?

प्रश्न: माझं वय ४५. शाळेत होतो तेव्हापासून एकाच क्लबचा चाहता आहे. क्लबचं नाव छापू नका, सध्या आमची अवस्था हसण्यासारखी आहे. ज्या खेळाडूमुळे मला फुटबॉलचं वेड लागलं, तोच यंदा आमचा कोच झाला. नेमणुकीची बातमी आली त्या दिवशी मी आनंदाने वेडा झालो होतो. आता ११ सामने झाले, जिंकलो फक्त २. माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. तो कोचला सरळ 'फ्रॉड' म्हणतो. परवा हरल्यावर म्हणाला, "बाबा, तुमचा हिरो आपल्याला खालच्या डिव्हिजनमध्ये घेऊन चाललाय." मी त्याच्यावर ओरडलो, नको ते बोललो. तेव्हापासून आम्ही एकत्र सामना बघत नाही. त्यात आमच्या फॅन क्लबने 'कोच हटवा' अशा निवेदनावर सह्या घ्यायला सुरुवात केली आहे. मुलाने सही केली, आता कागद माझ्याकडे आलाय. मी आंधळा झालोय की पोरगा कृतघ्न आहे? माजी खेळाडूला कोच म्हणून किती वेळ द्यायचा असतो? आणि सही करू की नको?

उत्तर: आधी मुलाचं बघू, कारण ते सोपं आहे. तो कृतघ्न नाही. कृतघ्न व्हायला आधी काहीतरी मिळालेलं असावं लागतं. तुमच्या हिरोने बूट काढून ठेवले तेव्हा हे पोर जेमतेम चालायला लागलं असेल. तुम्हाला त्या माणसाने दहा-बारा वर्षांचे शनिवार-रविवार दिले. तुमच्या मुलाला त्याने आजवर ११ सामने दिलेत आणि त्यातले ९ जिंकलेले नाहीत. एकाच माणसाबद्दल तुम्ही दोघं बोलताय असं तुम्हाला वाटतं, पण तुम्ही खेळाडूबद्दल बोलताय आणि तो कोचबद्दल. ओरडलात त्याबद्दल त्याला सरळ सॉरी म्हणा. फुटबॉलचा विषय न काढता म्हणा, नाहीतर 'सॉरी, पण' करत पुन्हा तिथेच याल.

आता तुमचं. छापताना पत्र कापावं लागलं. मूळ पत्राचा निम्मा भाग तुमच्या हिरोने पावसात मारलेल्या एका गोलवर आहे. चेंडू कुणी दिला, त्याने छातीवर कसा घेतला, गोलकीपर कुठल्या बाजूला पडला, सगळं आहे. वाचताना मजा आली. पण यंदाच्या ११ सामन्यांत संघ कसा खेळला, याबद्दल अख्ख्या पत्रात एक ओळ नाही. गोल कसे बसतात, कोण चुकतंय, कोच काय करायला बघतोय, काहीच नाही. म्हणजे आंधळे झालात का, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. थोडेसे झालात. तुम्ही कोचची बाजू घेत नाही आहात, त्या पावसातल्या संध्याकाळची बाजू घेताय. मुलाला ते दिसतं, म्हणून तो चिडतो.

यात तुमचा एकट्याचा दोष नाही. क्लबला तुम्ही असेच हवे असता.

मोठ्या क्लबमध्ये जुन्या हिरोला कोणत्या वेळी बोलावतात, ते बघा. बार्सिलोनाने रोनाल्ड कुमानला बोलावलं ऑगस्ट २०२० मध्ये. त्याआधी आठवडाही झाला नव्हता, बायर्न म्युनिककडून संघ ८-२ असा हरला होता. लोक संचालकांवर खवळले होते, तिजोरीत खडखडाट होता. अशा वेळी कुमान! १९९२ साली वेम्बलीवर सॅम्पडोरियाविरुद्ध जादा वेळेत फ्री किकवर गोल मारून क्लबला पहिला युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, मिळवून देणारा. त्याला बघून कोण आरडाओरडा करणार? चेल्सीने फ्रँक लॅम्पार्डला घेतलं २०१९ मध्ये, नवे खेळाडू घ्यायला क्लबवर बंदी होती तेव्हा. क्लबसाठी सर्वाधिक २११ गोल मारणारा माणूस, आणि कोच म्हणून डर्बी काउंटीत घालवलेला एक हंगाम. मँचेस्टर युनायटेडने ओले गुन्नार सोल्सशारला घेतलं डिसेंबर २०१८ मध्ये, मोरिन्योला काढल्यावर. ड्रेसिंग रूमचं वातावरण तेव्हा पार बिघडलेलं होतं. हे तिघं वाईट कोच होते असं मी म्हणत नाही. पण त्यांना बोलावण्यामागे त्यांच्या कोचिंगपेक्षा त्यांच्या आठवणीचा हिशेब मोठा होता. संचालकांना आडोसा हवा होता आणि तो लोकांच्या लाडक्या माणसाचा मिळाला. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायचीच, तर तो खांदा लोकांनी कधीकाळी डोक्यावर घेतलेला असला की बरं पडतं.

आणि त्या लाडाची मुदत किती? ऑक्टोबर २०२१. बार्सिलोना घरच्या मैदानावर रेआल माद्रिदकडून हरली. सामन्यानंतर कुमान आपल्या गाडीतून स्टेडियमबाहेर पडत होता. लोकांनी गाडीला घेरलं, शिव्या घातल्या, ती पुढे सरकू देईनात. शेवटी क्लबला या प्रकाराचा जाहीर निषेध करावा लागला. वेम्बलीच्या गोलने क्लबचा इतिहास बदलला हे त्या गर्दीतल्या पोराटोरांनाही माहीत होतं, शाळेतल्या इतिहासाची एखादी सनावळी माहीत असावी तसं. त्याच आठवड्यात संघ आणखी एक सामना हरला आणि कुमान गेला. मध्यंतरी मेसीला करारबद्ध करण्याइतकेही पैसे क्लबकडे उरले नव्हते, ही गोष्ट गाडीवर हात आपटणाऱ्यांच्या लेखी नव्हतीच.

तुमच्या मुलाच्या बाजूने सगळ्यात भक्कम दाखला लॅम्पार्डचा आहे, आणि तो तुम्ही गिळायला हवा. पहिल्या हंगामात त्याने संघाला चौथ्या क्रमांकावर नेलं, तरुण पोरांना खेळवलं. दुसऱ्या हंगामात नवे महागडे खेळाडू आले आणि गाडी रुतली. २५ जानेवारी २०२१ ला त्याला काढलं तेव्हा चाहते हळहळले, जुन्या माणसाशी असं वागतात का म्हणाले. थॉमस टुखेल आला. त्याच खेळाडूंना घेऊन चार महिन्यांत चेल्सीने चॅम्पियन्स लीग जिंकली. हळहळ बरोबर होती आणि काढणंही बरोबर होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे चाहत्याला पचवता आलं की निम्मी भांडणं मिटतात.

आता तुमच्या बाजूचा दाखला. मिकेल आर्तेता आर्सेनलचा माजी कर्णधार, डिसेंबर २०१९ मध्ये कोच झाला. एफए कप ही इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा जिंकला, पण लीगमध्ये लागोपाठ दोनदा आठवा क्रमांक. २०२१ चा हंगाम सुरू झाला तो तीन पराभवांनी. तिन्ही सामन्यांत मिळून एकही गोल नाही, खाल्ले ९, संघ तळाला. तुमच्या मुलाने तेव्हा नक्की सही केली असती. मीही पेन शोधलं असतं. क्लबने ठेवला आणि पुढे संघ सलग तीन हंगाम दुसरा आला. पण एक सांगतो, आर्तेताला मिळालेला वेळ जुन्या गोलांच्या पुण्याईवर मिळालेला नव्हता. खेळाडू म्हणून तो चांगला होता, देव नव्हता. त्याआधी तो साडेतीन वर्षं मँचेस्टर सिटीत पेप ग्वार्डिओलाचा सहायक होता. रोज सकाळी मैदानावर शंकू मांडण्यापासूनचं काम त्याने जवळून पाहिलेलं होतं. संघ हरत असतानाही तो काय करायला बघतोय, हे दिसत होतं.

खुद्द ग्वार्डिओलाचंच घ्या. २००८ मध्ये बार्सिलोनाचा कोच झाला तेव्हा वय ३७. लीगचा पहिलाच सामना नुमान्सियासारख्या छोट्या संघाकडून १-० हरला, दुसरा बरोबरीत. त्या हंगामाच्या शेवटी तीन करंडक हातात होते. त्याआधीचं वर्ष त्याने क्लबच्या बी संघाबरोबर खालच्या डिव्हिजनच्या मैदानांवर काढलं होतं, हे लोक विसरतात. झिदानचंही तसंच. सलग तीन चॅम्पियन्स लीग जिंकल्या म्हणून सगळे त्याला नशीबवान म्हणतात. आधी तो आन्चेलोत्तीचा सहायक होता, मग रेआलच्या राखीव संघाचा कोच. उलट टोकाला युव्हेंटसचा जुना खेळाडू आंद्रेआ पिर्लो. २०२० मध्ये युव्हेंटसने त्याला जुलैअखेर २३ वर्षांखालील संघावर नेमलं आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर लगेच थेट मुख्य संघावर. मधल्या काळात एकही सामना नाही. सलग ९ वेळा लीग जिंकलेला संघ चौथा आला. दोन करंडक मिळाले, तरी वर्षभरात निरोप.

मोठा खेळाडू कोच म्हणून अडखळतो त्याची कारणं लोक फार गूढ करून सांगतात. सरावाच्या मैदानावर बघितलं तर साधी गोष्ट दिसते. डावा बचावपटू दर क्रॉसला, म्हणजे बाजूने गोलसमोर चेंडू आला की, चेंडूकडेच बघत राहतो आणि मागून येणारा माणूस सुटतो. कोच शिट्टी वाजवतो, खेळ थांबवतो, 'असं नाही रे' म्हणत स्वतः त्या जागेवर उभा राहतो. चेंडू येतो, तो मान न वळवता मागच्याला खांद्याने अडवतो आणि चेंडू बाहेर काढतो. सुरेख. पोरं टाळ्या वाजवतात. पुढच्या क्रॉसला तो डावा बचावपटू पुन्हा चेंडूकडेच बघतो. कारण मागचा माणूस कुठे आहे हे न बघता कसं कळतं, ते त्याला कुणी सांगितलेलंच नाही. कोचला ते सांगता येत नाही, कारण त्याला स्वतःला कधी शिकावं लागलं नव्हतं. जो खेळाडू अंगाने थोडा कमी होता, ज्याला प्रत्येक जागा डोक्याने शोधावी लागली, त्याच्याकडे हे सांगायला शब्द असतात. व्यावसायिक फुटबॉल न खेळलेल्या अरिगो साकीला यावरून हिणवलं जायचं. त्यावर तो म्हणाला होता की जॉकी व्हायला आधी घोडा असावं लागतं, हे त्याला माहीत नव्हतं. पुढे मिलानला त्याने लागोपाठ दोन युरोपियन कप मिळवून दिले.

इन्झागी बंधूंची गोष्ट तर मला या विषयावरची सगळ्यात बोलकी वाटते. थोरला फिलिपो, इटलीसाठी ५७ सामने, २००७ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात मिलानचे दोन्ही गोल त्याचे. धाकटा सिमोने, लात्सिओचा बरा स्ट्रायकर, देशासाठी ३ सामने. 'पिप्पोचा', म्हणजे फिलिपोचा, 'भाऊ' हीच त्याची ओळख. निवृत्तीनंतर फिलिपोला मिलानने २०१४ मध्ये युवा संघावरून थेट मुख्य संघ दिला. त्याच्याआधी क्लारेन्स सेडॉर्फ, तोही मिलानचाच जुना तारा, अर्ध्या हंगामात घालवला होता. फिलिपोच्या हाताखाली संघ दहावा आला आणि त्यालाही नारळ मिळाला. सिमोने मात्र लात्सिओच्या युवा संघांबरोबर वर्षानुवर्षं घासत राहिला, २०१६ मध्ये मुख्य संघावर आला, पुढे इंटरला इटलीचं विजेतेपद मिळवून दिलं, दोनदा चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात नेलं. आणि फिलिपो? तो गेला खालच्या डिव्हिजनमध्ये. व्हेनेत्सियाला वर आणलं, बेनेव्हेंतोला वर आणलं, २०२५ मध्ये पिसाला वर आणलं. म्हणजे माणसात कोच होता. मिलानने त्याला शेवटची पायरी पहिल्यांदा चढायला लावली आणि चाहत्यांनी शिक्का मारून टाकला: मोठा खेळाडू, फुसका कोच. तुमच्या हिरोच्या बाबतीत मला सर्वांत आधी हे जाणून घ्यायला आवडेल की तुमच्याकडे येण्याआधी तो कुठे होता. पत्रात तेही नाही!

किती वेळ द्यायचा, याचा आकडा माझ्याकडे नाही आणि जो कुणी सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. सोल्सशारने हंगामी कोच म्हणून १९ पैकी १४ सामने जिंकले होते. त्या लाटेत क्लबने त्याला मार्च २०१९ मध्ये कायम केलं. अडीच वर्षांनी वॉटफर्डकडून ४-१ हरल्यावर काढलं. निकालाची लाट वर जाताना जेवढं फसवते तेवढंच खाली येतानाही. त्यामुळे ११ सामन्यांत २ विजय हा आकडा वाईट आहे, पण तो एकटा काही सांगत नाही. वेन रूनीचं उदाहरण तुमच्या मुलाला द्या, त्याला पटेल. हा इंग्लंडचा मोठा खेळाडू डर्बी काउंटीत कोच असताना क्लबचे आर्थिक गोंधळापायी २१ गुण कापले गेले, संघ खाली गेला, तरी रूनीच्या नावाने गाणी म्हटली गेली. त्या फाटक्या संघाकडून तो काय काढून घेतोय, ते स्टँडमधल्या लोकांना दिसत होतं. पुढे बर्मिंगहॅमच्या मालकांनी सहाव्या क्रमांकावरच्या संघाचा कोच काढून रूनीला आणलं. १५ सामने, २ विजय, संघ विसावा. तिथे त्याच्या वाट्याला हुर्यो आली. माणूस तोच, नाव तेच. चाहते दोन्हीकडे बरोबर होते असं माझं मत आहे.

तेव्हा पुढचे काही सामने असे बघा. मुलाबरोबर बसून बघा, पण सामन्याआधी दोघांनी मिळून काय बघायचं ते ठरवा. गोल खाल्ला तर तो मागच्या सामन्यासारखाच आहे का? एकाच पद्धतीचा गोल तिसऱ्यांदा बसला तर सराव होत नाहीये किंवा कोचला सांगता येत नाहीये, यात आठवणीला जागा नाही. पिछाडीवर असताना तो बदली खेळाडू केव्हा आणतो, आणि आणल्यावर संघाची रचना बदलते की नुसते चेहरे? हंगामाच्या सुरुवातीपेक्षा आज सुधारलेला असा एक तरी तरुण खेळाडू दाखवता येतो का? माझ्या लेखी हा प्रश्न सगळ्यात वजनदार, कारण खरेदी संचालक करतात, सुधारणा कोच करतो. हरल्यावरच्या मुलाखतीत तो खेळाडूंना नावानिशी दोष देतो का, तेही ऐका. खेळाडू असताना आपण कसे होतो हे जो कोच पत्रकारांना वारंवार सांगतो, त्याच्याबद्दल मला शंका येते. हे बघून झाल्यावर तुमचं आणि मुलाचं मत वेगळं निघालं तरी चालेल. निदान तुम्ही एकाच सामन्याबद्दल भांडाल.

आणि मनातल्या मनात एक प्रयोग करा. याच ११ सामन्यांवर कुणी परका, नाव न ऐकलेला कोच बसला असता, तर तुम्ही काय म्हटलं असतं? जे म्हटलं असतं तेच म्हणा. जास्त माया नको, जास्त सूडही नको. जुना लाडका कोच हरू लागला की काही चाहते परक्यापेक्षा त्याच्यावरच अधिक तुटून पडतात, आपल्याला फसवलं म्हणून. तुमची ती पाळी आलेली नाही, पण येऊ शकते. तुमच्याइतकं प्रेम करणाऱ्यांवरच ती येते.

आठवण बाटेल ही भीतीही काढून टाका. न्यूकॅसलचा जुना हिरो अ‍ॅलन शिअररने २००९ मध्ये क्लबला वाचवायला शेवटचे ८ सामने हातात घेतले. एकच जिंकला, संघ खाली गेला. त्यानंतर तो पुन्हा कुठे कोच झाला नाही. २०१६ मध्ये त्याच शहरात, त्याच स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. त्या ८ सामन्यांचा हिशेब कुणी त्याच्या २०६ गोलांतून वजा केला नाही. सोल्सशारला काढलं तेव्हा क्लबच्याच वाहिनीवर त्याने डोळ्यांत पाणी आणून निरोपाची मुलाखत दिली. त्याच्यावर वर्षभर टीका करणारेही त्या दिवशी गप्प बसले. कोच म्हणून नापास झालेला माणूस खेळाडू म्हणून मागे जाऊन नापास होत नाही. तुमचा पावसातला गोल सुरक्षित आहे.

राहिली सही. या कागदावर आत्ता करू नका. मुलाला वाईट वाटेल म्हणून करू नका आणि त्याला धडा शिकवायचा म्हणून नाकारूही नका. त्या निवेदनात फक्त कोचचं नाव असेल तर ते अपुरं आहे. फॅन क्लबला सांगा, त्यात संचालकांना तीन गोष्टी विचारा: याला कशाच्या जोरावर नेमलं, त्याला हवे होते त्यांपैकी किती खेळाडू दिले, आणि याच्यानंतर कोण. हे प्रश्न घातले तर त्या कागदाला अर्थ आहे. मग हंगामाच्या मध्यावर, वर सांगितलेल्या गोष्टी बघून झाल्यावर, उत्तर 'जा' असंच निघालं तर मुलाच्या सहीखाली बिनधास्त सही करा. त्यांनी प्रश्न घालायला नकार दिला तर कागद कोरा परत पाठवा आणि का पाठवला ते मुलाला सांगा. तो चिडेल. चिडू दे, सोळा वर्षांचा आहे, आणि त्याला निदान या खेपेला तुमचं म्हणणं यंदाच्या सामन्यांवरून ऐकायला मिळेल.